चाकावरचं पाणी

आबासाहेबांची लॉरी झरीत आली तेव्हाही ती नवी नव्हती. सिकंदराबादेच्या कुण्या ठेकेदारानं तिला वापरून वापरून, कंटाळून विकलेलं. एका बाजूचा रंग उडालेला, एक दार सुतळीनं बांधलेलं, आणि भोंगा वाजला की गोठ्यात रेडकू हंबरल्याचा भास व्हायचा. पण झरीकरांचा तोरा काय विचारता! पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे लॉरी नव्हती. कापूस निघाला की ती सेलूच्या जिनिंगला जायची आणि येताना मीठ, घासलेट आणि निम्म्या गावाच्या सोयरिकीचे निरोप घेऊन यायची. तिच्या स्टिअरिंगच्या चाकामागं पहिल्या दिवसापासून एकच माणूस बसत आला होता, तो म्हणजे मुंजाजी.

मुंजाजी मूळचा आबासाहेबांचा गाडीवान. कासरा सोडून त्यानं लॉरीचं चाक धरलं खरं, पण स्वभावातला बैलगाडीवाला काही गेला नाही. चढण आली की तो अजूनही जिभेनं टक् टक् करायचा, आणि लॉरी चढून गेली की तिच्या पत्र्यावर शाबासकीची थाप मारायचा. लोक हसायचे. हसणाऱ्यांना काय कळतंय, असं म्हणून तो पुढची चढण गाठायचा.

आबासाहेबांच्या घराकडची बोळ अरुंद, म्हणून लॉरी मुक्कामाला मुंजाजीच्याच दारात उभी राहायची. त्याची बायको धुरपताबाई. शेतातून आलेल्या बैलांच्या पायांवर आधी पाणी घालायचं आणि मग त्यांना दावणीला बांधायचं, ही तिच्या माहेरची रीत. लॉरी पहिल्यांदा दारात आली त्या संध्याकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर आली होती आणि नवऱ्याला विचारत होती, की ह्याचे पुढचे पाय कोणते. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दिवसभर राबून आलंय ते, त्याला काय जीव न्हाई, असं म्हणून तिनं पुढच्या डाव्या चाकावर तांब्या रिकामा केला, कारण दाराच्या बाजूला तेच चाक होतं. तेव्हापासून तो नेम कधी चुकला नाही. तिला ताप असला तरी ती उठायची, आणि लॉरी येऊन पोचली तरी पाणी पडेपर्यंत मुंजाजीला घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

मग लढाई सुरू झाली. लढाई कुठं का होईना, झरीत तिचा अर्थ एकच होता, की टायर मिळेना. एका टायरच्या परवान्यासाठी आबासाहेबांनी परभणीच्या कचेरीत इतके खेटे घातले की टायरआधी त्यांना चपला बदलाव्या लागल्या. मोठ्या मुश्किलीनं मिळालेलं ते टायर पुढच्या डाव्या चाकाला चढलं, आणि कापसाचा हंगाम अर्ध्यावर येतो न येतो तोच आतल्या कडेनं पार झिजलं. बाहेरच्या कडेवरची नक्षी शाबूत आणि आतली कड तळहातासारखी सपाट. उजवं टायरही त्याच वाटेनं निघालं होतं, फक्त थोडं मागून.

आता गावात अक्कल वाटायला कुणी कमी नसतं. कुणी म्हणालं हवा कमी आहे. मुंजाजीला ठाऊक होतं की हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, तरी त्यानं पंप मारून पाहिला. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधली. कुणी सेलूच्या रस्त्याला शिव्या दिल्या, आणि त्या शिव्या रस्त्याच्या लायकीच्याच होत्या. पण एकच कड खाण्याइतकी अक्कल रस्त्याला कुठून येणार? मुंजाजीनं पुढची बाजू जॅकवर उचलली आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. ते ढिलं नव्हतं. मग त्यानं डावं टायर उजवीकडं आणि उजवं डावीकडं घातलं. थोड्याच फेऱ्यांत डावीकडं आलेलंही आतून झपाट्यानं खरवडायला लागलं. म्हणजे खोट टायरात नव्हती, चाकात होती.

आबासाहेब तसे शांत माणूस, पण त्यांनाही घोर लागला. हे टायर संपलं की लॉरी लिंबाखाली उभी करायची आणि तिच्यात कोंबड्या बसवायच्या, असं ते हसत म्हणाले. मुंजाजीला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. लॉरी उभी राहिली तर त्यानं काय करायचं? चाकामागं नसलेला मुंजाजी त्याला स्वतःलाच ओळखू आला नसता.

शेवटी कापूस घेऊन सेलूला गेले तेव्हा जिनिंगवरून लॉरी तशीच खाजामिया मिस्त्रीकडे नेली. सोबत आबासाहेब होते आणि त्यांचा पुतण्या किशनराव. किशनराव परभणीला राहून लॉरी चालवायला शिकला होता, आणि शिकला होता हे कुणी विसरू नये म्हणून गळ्यात रंगीत रुमाल बांधायचा.

खाजामिया आणि मुंजाजीची जुनी दोस्ती. मिस्त्रीनं आधी चहा मागवला, मग चाकाशी उकिडवा बसला. टायरावरून त्यानं हात आतून बाहेर नेला, मग बाहेरून आत आणला. आतून बाहेर जाताना हात सरळ सरकला. बाहेरून आत येताना रबराच्या बारीक धारा बोटांना टोचल्या. "ज्वारीच्या पानावानी झालंय," तो म्हणाला. "एकीकडनं मऊ, दुसरीकडनं चिरतंय." टायर असं झालं म्हणजे चाक नुसतं फिरत नाही, फिरता फिरता आडवं घासतंय, असं त्यानं आबासाहेबांना समजावून सांगितलं. मग पुढची बाजू उचलून त्यानं एकेक चाक फिरवलं, फिरत्या टायरावर खडू धरून मधोमध रेघ काढली, आणि लॉरी खाली उतरवून दोन रेघांमधलं अंतर सुतळीनं मापलं. आधी चाकांच्या मागच्या बाजूनं, मग पुढच्या. मागच्या बाजूची सुतळी पुढं पुरली नाही. दोन्ही चाकं पुढून फाकली होती. तोंडं फिरवून बसलेल्या जावांसारखी, एक इकडं बघतेय, एक तिकडं.

खाजामिया लॉरीखाली शिरला आणि हसतच बाहेर आला. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई वाकली होती. ती काढून, भट्टीत लाल करून सरळ करायला त्याला फार वेळ लागला नाही. पण सळई बसवून झाल्यावर त्यानं हात पुसता पुसता मुंजाजीला आणखी एक गोष्ट सांगितली.

"सळई उगं वाकत न्हाई, भाई. ह्ये डावं चाक रोज कशावर तरी चढायलंय. एकाच जागी, एकाच बाजूनं. ते बंद केलं न्हाई तर पुन्ना वाकंल."

आबासाहेब मुंजाजीकडं वळले. "कुठं आदळतोस रे?"

मुंजाजीला ती जागा त्याच क्षणी कळली होती. दुसरी कुठली असणार? ती त्याच्याच दारातली पायरी होती.

झालं होतं असं. मागच्या पोळ्याच्या सुमारास एकदा तो लॉरीतून उतरून पलीकडून आला तर चाक कोरडं होतं. पाणी वीतभर अलीकडं मातीत पडलेलं, आणि धुरपताबाई रिकामा तांब्या घेऊन समाधानानं घरात निघालेली. त्याला वाटलं, घाईत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तो बायकोला न्याहाळायला लागला. ती चुलीतलं लाकूड हातानं चाचपून मागं ओढायची. दारात कुणी आलं तर बोलेपर्यंत गप्प राहायची. तिच्या दोन्ही बुबुळांवर दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरत होतं, आणि ती ते त्याच्यापासून जिवापाड लपवत होती. मुंजाजीनं विचारलं नाही. ती लपवते आहे तर लपवू दे, तिला जे झाकायचं आहे ते आपण का उघडं करावं? त्यानं एवढंच केलं, की लॉरी थोडी जवळ घ्यायला लागला. तिच्या तांब्याखाली चाक यावं एवढी. तिची नजर मागं सरली तसा तो पुढं सरला, आणि पुढं सरता सरता डावं चाक रोज त्या काळ्या दगडी पायरीला भिडायला लागलं, मग तिच्या कडेवर चढायला लागलं. धक्का त्याला कळायचा. जरासा तर आहे, असं तो स्वतःला सांगायचा. पण पाणी चाकावर पडायचं, आणि त्याचा आवाज ऐकून धुरपताबाईचा चेहरा उजळायचा.

हे सगळं आबासाहेबांना सांगायचं कसं? धुरपताबाई त्यांच्याच घरी डाळी-ज्वारी निवडायला जायची. तिच्या निवडलेल्या डाळीत खडा सापडत नाही असा तिचा लौकिक, आणि त्या लौकिकावर तिचा जीव. किशनराव शेजारी उभा होता. गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली असती.

"मला नीट दिसंना आता, आबासाहेब," मुंजाजी म्हणाला. "डाव्या बाजूचं कळत न्हाई. आदळत असंल कुठं तरी."

आबासाहेबांनी मुंजाजीच्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं. मग त्यांनी किशनरावाला लॉरी चालवायला सांगितलं आणि मुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला स्वतःशेजारी बसवलं. बायकोचं पाणी चाकावर पडावं म्हणून त्या भल्या माणसानं अख्ख्या चाकरीवर पाणी सोडलं होतं, आणि हे त्याच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

झरीपर्यंतचा तो प्रवास मुंजाजीनं जन्मात सोसला नसेल असा झाला. किशनराव वाईट चालवत नव्हता, पण प्रत्येक खड्ड्याला जाऊन भेटल्याशिवाय पुढं जात नव्हता. मुंजाजीला ते खड्डे दुरूनच दिसत होते. कोणता डावीकडून टाळायचा, कोणत्याच्या तळाशी दगड आहे, सगळं दिसत होतं, आणि ज्याला दिसत नाही त्यानं सांगायचं कसं? तो ओठ दाबून बसला. पाय मात्र त्याचं ऐकेना. खड्डा यायच्या आधीच त्याचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा, जणू तिथं ब्रेक होता. आबासाहेबांनी त्या पायाकडं एकदोनदा पाहिलं आणि मग बाहेर शेताकडं बघत राहिले.

आबासाहेब आपल्या बोळीच्या तोंडाशी उतरले. किशनरावानं लॉरी मुंजाजीच्या दारात आणली आणि चांगला शिकलेला माणूस उभी करतो तशी, पायरीपासून ऐसपैस अंतर ठेवून उभी केली.

भोंगा ऐकून धुरपताबाई तांब्या घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी पायरीच्या कडेशी थांबली, किंचित वाकली आणि तिनं पाणी ओतलं. पाणी मातीत पडलं. टायरावर पडलेल्या पाण्याचा जो थपथप आवाज व्हायचा तो झालाच नाही. ती तशीच वाकलेली राहिली.

"काकू, गाडी इकडं हाय," किशनराव सहज म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मग त्यानं तिच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं, खाली मातीतल्या ओलीकडं पाहिलं, आणि रुमाल सारखा करत तो मुकाट्यानं घराकडं चालू लागला.

धुरपताबाई पायरीवरून उतरली. हात पुढं धरून चार पावलं चालली तेव्हा कुठं तिला चाक लागलं. तिनं टायरावरून हात फिरवला, बैलाच्या मानेवरून फिरवावा तसा. एकीकडून मऊ, दुसरीकडून टोचरं. मग ती मागं वळली, पायरीपाशी बसली आणि दगडाची कड चाचपू लागली. कड एका जागी घासून गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर रबराची भुकटी धरली होती. तिची बोटं काळी झाली. मुंजाजी लॉरीला टेकून उभा होता. पळून जावं तर कुठं?

"रोज इतकं जवळ आणायचात व्हय?" तिनं विचारलं.

त्यानं तिचा रिकामा तांब्या उचलून पायरीवर ठेवला.

"तुमाला ठाव होतं."

"व्हय."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू कुठं बोललीस?"

यावर तिच्याजवळ उत्तर होतं, आणि ते ती इतके दिवस गिळून बसली होती. डोळे गेले म्हणून सांगितलं असतं तर मुंजाजीनं लॉरी सोडली असती, तिच्या चुलीपाशी येऊन बसला असता, किंवा दोघांचं बिऱ्हाड राणीसावरगावला लेकीच्या दारात नेलं असतं. आणि चाक सोडलेला मुंजाजी तिला बघवला नसता. हे म्हणता म्हणता तिचं तिलाच हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडली. बघायचं राहिलं होतं कुठं? मुंजाजीनं मग खाली मान घालून सेलूचं सगळं सांगितलं. ऐकून तिनं पदरानं तोंड पुसलं. बोटांची काजळी गालाला लागली, ती तिला दिसली नाही, आणि त्यानंही सांगितली नाही. ती उठली आणि म्हणाली, मला आबासाहेबांकडं न्या.

ओसरीवर आबासाहेब बसले होते आणि त्यांच्या पत्नी नर्मदाबाई वाती वळत होत्या. किशनराव घरी येऊन गेला असावा, पण त्यानं तोंड उघडलं नव्हतं. धुरपताबाई नवऱ्याचा हात धरून आली. इतक्या वर्षांत अशी ती कधीच आली नव्हती.

"आबासाहेब," ती म्हणाली, "डोळे ह्यांचे न्हाई गेले. माझे गेलेत. माझं पानी चाकावर पडावं म्हणून ह्ये गाडी पायरीवर चढवायले होते. त्यांच्या हातात खोट न्हाई."

आबासाहेबांना हसावं की रागवावं कळेना. ज्याचा पाय प्रत्येक खड्ड्याआधी ब्रेक दाबतो त्याला दिसत नाही हे मलाही पटलं नव्हतं, एवढं ते म्हणाले. धुरपताबाई मग नर्मदाबाईंकडं वळली. आवाज आला त्या बाजूला हात जोडून तिनं सांगून टाकलं, की उद्यापासून डाळ निवडायला दुसरी बाई बघा, माझ्या हातून खडे राहत असतील.

नर्मदाबाईंनी वात खाली ठेवली. "राहत्यातच की," त्या म्हणाल्या. "मागच्या पावसाळ्यापासून तू गेल्यावर मी ती डाळ पुन्हा निवडायलेय."

"मग बोलला का न्हाईत, बाईसाहेब?"

"तू इतक्या मनानं निवडायचीस. आन् तू आली न्हाईस तर मी बोलू कुणासंगं? उद्यापासून समोरासमोर बसून निवडू. तू पाखड, मी खडे बघते."

धुरपताबाई तिथंच खाली बसली. इतके दिवस एकटीनं सांभाळलेलं गुपित सगळ्यांनीच आपापल्या घरी सांभाळून ठेवलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. आबासाहेबांनी मुंजाजीच्या हातात लॉरीची किल्ली ठेवली आणि दटावलं, की पायरीवर पुन्हा चढलास तर मात्र खरोखरच किशनरावाला बसवीन. डोळ्यांच्या सरकारी दवाखान्याचीही त्यांनी चौकशी करायचं कबूल केलं. ते पुढं झालं, एका डोळ्याला थोडं उजाडलंही, पण त्याला अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी सेलूहून परतला तेव्हा त्यानं लॉरी पायरीपासून लांब, सरळ उभी केली. धुरपताबाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि पायरीवर थांबली. तो उतरून तिच्याकडं गेला, तिचा हात धरून तिला चाकापाशी घेऊन आला, आणि दोघांनी मिळून तांब्या कलता केला. थपथप आवाज झाला. शेजारच्या बाया दारात उभ्या होत्या, पण या वेळी पदर तोंडाला लावून कुणी हसलं नाही. तेव्हापासून रोज तसंच चाललं, आणि पाणी घालून झालं की धुरपताबाई टायरावरून एकदा हात फिरवून बघायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला, कापसाच्या शेवटच्या फेरीवरून लॉरी परत आली त्या संध्याकाळी तिनं ओल्या टायरावरून हात आतून बाहेर नेला, मग बाहेरून आत आणला. पुन्हा एकदा तसंच केलं. मुंजाजी तिच्या तोंडाकडं बघत उभा होता.

"आता दोनीकडनं सारखंच लागायलंय," ती म्हणाली.